खालचा कळप

खरूज मेंढीच्या अंगावर दिसायच्या आधी कुंपणावर दिसते. मेंढ्या कोंडायच्या खालच्या वाडग्याच्या तारेला लोकरीचे पुंजके लटकलेले थोरलीनं सकाळी पाहिले. एखादा पुंजका असतोच, मेंढी कुठंतरी अंग घासणारच. पण इथं खांबामागून खांब लोकर लागली होती, आणि एक म्हातारी मेंढी अजूनही कोपऱ्यातल्या दगडाला कूस घासत उभी होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ आपोआप हलत होते.

थोरलीनं तिला गुडघ्यानं भिंतीशी दाबून धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी लोकर फाकवली. आत पिवळट खपली होती. खपलीच्या कडेला ओलसर लाल कातडी. तिनं अंगठे मातीत घासले, मग दगडावर घासले, मग पुन्हा मातीत. आणि औषध कुठून आणायचं, बाकीच्या मेंढ्या कधी तपासायच्या, यातलं काहीही मनात यायच्या आधी तिच्या मनात आलं, की ही आणली कुणी?

तो तिचा स्वभावच होता. घरात भांडं फुटलं, तर तुकडे पायात रुतेपर्यंत ती कुणाच्या हातून फुटलं याचा तपास करत बसे. आता तर तपासाला फार लांब जायची गरज नव्हती. मागच्या महिन्यात धाकट्या जावेचा भाऊ आपला मेंढा घेऊन आला होता. पैदाशीला मेंढे असे एकमेकांकडे उसने देत-घेत, त्यात नवीन काही नव्हतं. पण हा मेंढा न मागता आला होता, आणि न मागता आलेली वस्तू थोरली दोनदा उलटून बघायची.

घर एकच होतं. दोन भाऊ, दोन जावा, एक चूल. मेंढरंही एकच. सासऱ्यांनी राखलेली, सगळ्यांच्या डाव्या कानाला एकाच मापाचा काप. विणीच्या दिवसांत एका वाडग्यात मावत नाहीत म्हणून उतारावर दुसरं वाडगं बांधलेलं होतं, एवढंच. जागा असेल तिथं मेंढ्या बसत. वरची कोणती, खालची कोणती, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिनं नवऱ्याला बोलावून खपली दाखवली. दादा खाली वाकला, बराच वेळ बघत राहिला, उठताना भिंतीला हात लावून थांबला.

"कळवावं लागेल," तो म्हणाला.

"कुणाला कळवायचं नाही. आधी घरात बघू."

"घरात काय बघायचं? कायदा आहे. आपण होऊन सांगितलं तर धुवून सोडतात. लपवलं आणि सापडलं तर सगळी मारतात."

"मी घरातलं बघायचं म्हणतेय," थोरली म्हणाली. दादाला ते कळलं आणि तो वाडग्याबाहेर निघाला.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ तालुक्याला गेले. कातरणीचे दिवस जवळ आले होते, कातऱ्यांना धार लावायची होती. जाताना दोघं बोलत गेले. परत आले ते गप्प. दादानं कातऱ्यांचं गाठोडं कोनाड्यात ठेवलं, सदरा काढून खुंटीला लावला आणि काहीतरी आठवल्यासारखं खिशातून एक पुडी काढून मुठीत घेतली. थोरली चुलीपाशी बसून सगळं टिपत होती. धाकट्यानं आपल्या बायकोकडे बघून मान हलवली. होकाराची होती की नकाराची, ते थोरलीला कळलं नाही, पण हलवली होती हे नक्की. कुठंतरी पाणी मुरत होतं.

भाऊ तालुक्यात कळवूनही आले होते. सरकारी तपासनीस त्याच्या पुढच्या सकाळी मोटरसायकलवरून आला.

उंच, पोक काढून चालणारा माणूस. मेंढ्या आणि लोकर यांच्या कायद्यापलीकडे तो सहसा बोलत नसे, आणि जे बोले ते 'व्याख्या अशी आहे की' इथून सुरू करे. लोक त्याला मागून 'व्याख्या' म्हणत. व्याख्या आला, व्याख्या गेला. तोंडावर अर्थात साहेब.

त्यानं म्हाताऱ्या मेंढीची खपली चाकूच्या पात्यानं खरवडून काळ्या कागदावर घेतली आणि कागद उन्हात धरला. चौघंही जवळ सरकले. थोड्या वेळानं कागदावरचे पांढरे ठिपके चालायला लागले.

"आहे," तो म्हणाला.

मग त्यानं एकेक मेंढी उलटीपालटी करून तपासली. दादा धरून देत होता, धाकटा सोडून देत होता. ऊन चढलं. खालच्या वाडग्यात आणखी चार निघाल्या. वरच्या वाडग्यात एकही निघाली नाही.

"हे आलं कुठून, साहेब?" थोरलीनं विचारलं. विचारताना ती धाकटीकडे बघत होती.

"कुठूनही येतं. तारेवरून, भिंतीवरून, कातरणाऱ्याच्या सदऱ्यावरून. कावळासुद्धा आणतो."

"पाहुण्या मेंढ्यावरून?"

"तोही आणतो. त्याचं मूळ कायदा विचारत नाही, बाई. कायदा कळप विचारतो." त्यानं हात फडक्याला पुसले. "कळप म्हणजे एका वाडग्यात बसणारी, एका पाण्यावर पिणारी आणि एका माणसाच्या हाकेत चालणारी मेंढरं. त्यातल्या एकीला खरूज असली की कळप बाधित."

"सगळा?" दादानं विचारलं.

"सगळा. व्याख्येत अर्धा कळप नसतो."

बाधित म्हणजे काय, ते त्यानं सावकाश सांगितलं. कळप जागचा हलायचा नाही. त्याची लोकर विकायची नाही, कातरून जाळायची. चुना आणि गंधकाच्या कढत पाण्याच्या हौदातून प्रत्येक मेंढी दोनदा काढायची. आणि त्यानंतरही काळ्या कागदावर काही चाललं, तर मग एकच उपाय. तो उपाय काय, हे त्यानं सांगितलं नाही, आणि सांगायची गरज नव्हती.

हौदाचं एक वेळ ठीक. पण जागचं हलायचं नाही म्हणजे मरण होतं. खालचं गवत संपत आलं होतं. ऊन तापलं की सगळ्यांची मेंढरं डोंगरावरच्या कुरणाला जात, आणि थंडी पडेपर्यंत खाली उतरत नसत. खाली राहिलेल्या कळपानं दगड चाटायचे. तपासनीस कोणतीही मेंढी न मारता सगळी मारू शकत होता.

मग धाकटा म्हणाला, "आमचे दोन कळप आहेत, साहेब."

थोरलीनं मान वळवली. दादानं मान खाली घातली.

"वरच्या वाडग्यातली दादाची," धाकटा पुढं म्हणाला. "खालची माझी. ही आजारी आहेत ती माझी."

तपासनिसानं दोन मेंढ्यांचे कान धरून बघितले. "खूण तर एकच आहे."

"वडिलांची आहे, साहेब. वडील एकच होते."

तपासनीस हसला नाही, पण त्याचा चेहरा थोडा सैल झाला. "खूण मालकी दाखवते, कळप दाखवत नाही. तेवढं तुमच्या बाजूनं आहे. वरचा सध्या संशयित धरतो. पुढच्या आठवड्यात येईन. दोन कळप असतील तर मला दोन कळप दिसले पाहिजेत. दोन पाणी, दोन हाका. आणि मालक कोण कशाचा, ते तेव्हा शपथेवर सांगायचं. एकदा सांगितलं की बदलायचं नाही."

मोटरसायकल उतारावरून गेली. संशयित हा शब्द मात्र थोरलीच्या डोक्यात राहिला. संशयित कोण, हे ठरवायला सरकारला कायद्याचं पुस्तक छापावं लागलं होतं. तिला नुसतं घरात बघायचं होतं.

संध्याकाळी जेवताना धाकट्यानंच विषय काढला.

"दादा, तू वरची घेऊन डोंगरावर जा. वहिनी, तुम्हीपण. आम्ही दोघं खाली राहतो. हौदाचं मी बघतो."

"आणि गवत?" दादा म्हणाला.

"ओढ्याकाठचं कापून घालेन. जितकी जगतील तितकी."

थोरली पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "भावजी, साहेबांपुढं बोलायच्या आधी घरात विचारायची पद्धत होती आपल्याकडं."

"वेळ नव्हता, वहिनी. तो सगळ्याला बाधित म्हणून मोकळा झाला असता."

"वेळ नव्हता, पण कोणती तुमची आणि कोणती आमची, हे ठरलेलं होतं."

धाकटीनं मान वर केली. "ताई, आजारी मागितलीत त्यांनी. बरी नाही."

"तेच तर म्हणते मी," थोरली म्हणाली.

खरंच, तेच ती म्हणत होती. चांगली मागितली असती, तर थोरली भांडली असती आणि समाधानानं झोपली असती. पण आजारी कोण मागतं? जो मागतो त्याला काहीतरी ठाऊक असतं.

काय ठाऊक असेल, ते तिला दोन दिवसांनी लोकरवाल्यानं सांगितलं. लोकरवाला कातरणीच्या आधी घरोघर फिरून लोकर बघून जाई. बाधित कळप म्हटल्यावर तो फाटकाच्या आत आलाच नाही. बाहेरूनच, जोडे झटकत, त्यानं हळहळ व्यक्त केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसं बघितलं तर नशीबवानच म्हणायचं. पलीकडच्या खोऱ्यात सरकारनं बाधित कळप काढून घेतले आणि बदल्यात नवी जातिवंत मेंढरं दिली म्हणतात. दुप्पट लोकरीची."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात," लोकरवाला म्हणाला, आणि पुढच्या घराकडे गेला.

थोरली फाटकाला धरून उभी राहिली. सगळं कसं चपखल बसत होतं. न मागता आलेला मेंढा. तालुक्याची फेरी. मुठीतली पुडी, हललेली मान. आणि त्याहून मोठी गोष्ट तिच्या आता लक्षात आली. वरचा कळप ज्याचा, तो थंडी पडेपर्यंत डोंगरावर. खालचा कळप ज्याचा, तो घरात. थंडीत परत यायचं ते कुणाच्या घरात? दार उघडायला धाकटी येणार, आणि म्हणणार, या ताई, बसा. पाहुण्यासारखं.

रात्री अंथरूण घालताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "खालचा कळप आपला म्हणायचा."

"काय?"

"साहेबांसमोर. खालचा आपला, वरचा त्यांचा. जाऊ दे त्यांना डोंगरावर."

दादा भिंतीला टेकून बसला होता. हल्ली तो आडवा व्हायच्या आधी असा बराच वेळ बसायचा. लोकरीची धूळ बसते छातीत, म्हणायचा.

"तो आपणहून घेतोय," दादा म्हणाला. "घेऊ दे ना."

"का घेतोय?"

दादानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"बघा. तुम्हालाही सांगता येत नाही."

"भाऊ आहे म्हणून घेतोय."

"भाऊ तर लहानपणापासून आहे. तेव्हा कधी वाटणी केली नव्हती."

दादा एकदा म्हणाला, की तिचं डोकं फिरलंय. एकदा म्हणाला, की गंधकाचं काम वाईट असतं. तिनं विचारलं, वाईट असतं तर तुमच्या भावाला का हवंय? त्याच्याकडे उत्तर होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो देत नव्हता, म्हणजे ते तिच्या विरुद्धचं असणार. ती पाठ फिरवून झोपली. झोपली म्हणजे जागीच राहिली, पण पाठ फिरवून.

मधले दिवस मेंढ्यांना दोन कळप शिकवण्यात गेले. माणसांना ते लवकर जमलं. मेंढ्यांना जमेना. दोन वाडग्यांच्या मधली वाट दगड रचून बंद केली. वरच्यांसाठी विहिरीपाशी पाण्याची वेगळी डोणी मांडली. सकाळी धाकटा खालची घेऊन ओढ्याकडे निघाला, की वरच्या वाडग्यातल्या अर्ध्या मेंढ्या भिंतीवर पाय टाकून ओरडत. दादाच्या हाकेला खालच्या वळत, धाकट्याच्या शिट्टीला वरच्या. वर्षानुवर्षं दोन्ही आवाज एकच होते त्यांना. दादाला दिवसभर ओरडावं लागे आणि मध्येच थांबून तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राही. धाकटा लांबून बघे, येऊ का विचारे, आणि दादा हातानं नको म्हणे. थोरलीला त्या दोघांचं हे हातवारे करणंही आवडत नव्हतं.

घरातही कळप वेगळे झाले होते. खरजेचा किडा कपड्यांवरून जातो, म्हणून खाली काम करणाऱ्यांचे कपडे वेगळे उकळायचे ठरलं. कपड्यांमागून बादल्या वेगळ्या झाल्या. बादल्यांमागून भांडी. धाकटीनं एक दिवस विचारलं, "ताई, चूल तरी एक ठेवायची ना?" थोरली म्हणाली, "तुला वेगळी हवी असेल तर सांग." धाकटीनं लाकडं उचलली आणि अंगणात तीन दगड मांडले. त्या संध्याकाळी दोन ठिकाणांहून धूर निघाला. थोरलीला वाटलं, हेच तर तिला हवं होतं, आता मनातलं बाहेर आलं. आणि तरी जेवताना तिचं लक्ष अंगणातल्या धुराकडे जात राहिलं.

तपासनीस आला. बरोबर चुन्याची बादली आणि कुंचला होता. दोन पाणी त्यानं बघितली, रचलेली भिंत बघितली. मग दोन्ही वाडगी उघडायला लावली आणि दोन्ही भावांना आपापल्या बाजूला उभं राहून हाक द्यायला सांगितली. मेंढ्या अंगणात मिसळल्या, घुटमळल्या. दादानं हाक दिली. धाकट्यानं शिट्टी मारली. चारपाच चुकल्या, पण बाकीच्या दोन धारांनी दोन दारांत शिरल्या. तपासनिसानं चुकलेल्यांकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

वरच्या कळपात त्याला काही सापडलं नाही.

"वरचा निर्दोष," तो म्हणाला. "डोंगरावर जायला मोकळा. खालचा बाधित. आता शपथेवर. बाधित कळपाचा मालक कोण?"

धाकटा पुढं आला. त्याचं पाऊल उचललेलं असतानाच थोरली म्हणाली, "आमचा, साहेब. खालचा कळप थोरल्याचा. भावजी परवा बोलायच्या भरात उलटं बोलले."

धाकटा जागच्या जागी तिच्याकडे वळला.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "असं करू नका."

"का करू नको? सांगा ना सगळ्यांसमोर."

धाकट्यानं दादाकडे बघितलं. दादानं किंचित मान हलवली. ही नकाराची होती, हे थोरलीला यावेळी स्पष्ट दिसलं. म्हणजे नवराही त्यांच्यातलाच.

"मालकानं बोलायचं," तपासनीस म्हणाला.

दादा बायकोकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "माझा," तो म्हणाला. "खालचा माझा."

तपासनिसानं खालच्या वाडग्याच्या दोन्ही खांबांवर चुन्याची फुली मारली. "आता नीट ऐका. बाधित कळपाला मालक आणि त्याच्या घरच्यांखेरीज कुणी हात लावायचा नाही. इथं घर म्हणजे चूल. तुमच्या चुली दोन आहेत, मी येताना पाहिल्या. दुसऱ्या चुलीच्या माणसानं ही भिंत ओलांडली, तर त्याचाही कळप बाधित. मजूर लावायचा तर मेंढरं नसलेला लावायचा."

आसपास मेंढरं नसलेला माणूस म्हणजे शाळेचे मास्तर. ते बकरीलाही घाबरत.

"आणि साहेब," थोरलीनं विचारलं, "ती नवी मेंढरं कधी मिळतात?"

"कसली?"

"बाधितच्या बदल्यात. जातिवंत. पलीकडच्या खोऱ्यात दिली ती."

तपासनीस कुंचला बादलीत बुडवत थांबला. "बदल्यात काही मिळत नाही, बाई. पलीकडं मारली, तेव्हा पुरायला खड्डासुद्धा मालकानंच खणला."

धाकटीनं तोंड दुसरीकडे वळवलं. ती हसत नव्हती, हे थोरलीला ठाऊक होतं, तरी मान जळत राहिली. आपण खड्ड्यात उडी मारली, हे तिला कळलं. पण कुणी ढकललं, हे ती अजूनही शोधत होती.

धाकटा आणि धाकटी दुसऱ्या दिवशी वरचा कळप घेऊन निघाले. धाकटी निघताना भिंतीपाशी आली. पलीकडून तिनं ओढ्याकाठी कापून ठेवलेल्या गवताच्या पेंढ्या दाखवल्या आणि म्हणाली, "ताई, दादांना हौदाजवळ फार उभं करू नका."

"माझ्या नवऱ्याला कुठं उभं करायचं ते मला कळतं," थोरली म्हणाली.

हौदाचा दिवस आला तेव्हा वारा पडला होता. दगडी हौद लांब आणि अरुंद, एका बाजूनं मेंढी आत ढकलायची, पोहत दुसऱ्या बाजूला चढू द्यायची, आणि मध्ये टोकाला दोन फाटे असलेल्या दुबेळक्याच्या काठीनं तिचं डोकं एकदा पूर्ण पाण्याखाली दाबायचं. डोकं बुडालं नाही, तर धुतली असं धरत नाहीत. पहाटेपासून कढईत चुना आणि गंधक उकळत होता. पाणी विटकरी रंगाचं झालं होतं आणि नासक्या अंड्याचा वास घशाच्या आतपर्यंत जात होता. वाफ वर जाईना, हौदावरच लोळत राहिली. तपासनीस तोंडाला रुमाल बांधून दगडावर बसला.

काठीचं काम जोराचं, म्हणून ते दादानं घेतलं. थोरली मेंढ्या ओढून आत ढकलत होती. ओली लोकर, खुरांचे फटके, पोटऱ्यांवर उडणारं कढत पाणी. पहिल्या काही मेंढ्यांपर्यंत तिचं नवऱ्याकडे लक्षच गेलं नाही. मग एक मेंढी डोकं न बुडवताच पलीकडे चढली.

"ही धरत नाही," तपासनीस म्हणाला. "पुन्हा."

ती परत आणली. पुढचीही तशीच गेली. थोरली वैतागून वळली. "अहो, दाबा की जरा."

दादा काठीवर रेलून उभा होता. तो काठी धरून नव्हता, काठी त्याला धरून होती. तोंड उघडं, खांदे कानांपर्यंत वर येत होते, आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. ओठ शाईसारखे झाले होते. तो काहीतरी म्हणत होता, पण आवाज बाहेर येत नव्हता.

"दादा."

हाक तिची नव्हती. भिंतीच्या पलीकडे धाकटा उभा होता. कपाळावर घाम, पायांवर डोंगरवाटेची धूळ. त्याचे दोन्ही हात भिंतीवर होते आणि एक पाय वर आलेला होता. तपासनीस दगडावरून उठला.

आणि त्या क्षणीही, नवरा समोर घुसमटत असताना, थोरलीच्या मनात आधी आलं ते हेच, की हा का आलाय? आपली फजिती बघायला?

"वहिनी, त्याला वाफेतून बाहेर काढा," धाकटा ओरडला. "त्याच्या सदऱ्याच्या खिशात पुडी आहे. जिभेखाली धरायला द्या. डॉक्टरांनी गंधकाजवळ उभं राहायलाच बंदी केली होती. वरच्या हवेत ने म्हणाले होते."

ती दादाच्या काखेत हात घालून त्याला ओढत होती. "कधी?"

"धार लावायला गेलो तेव्हा. त्यानं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. म्हणून तर मी खालचा मागत होतो."

तिनं नवऱ्याला वाफेपासून दूर, चिंचोळ्या सावलीत टेकवून बसवलं. खिशात पुडी सापडली. तिचे हात गंधकानं पिवळे झाले होते, म्हणून तिनं पुडी दातांनी फाडली आणि गोळी त्याच्या तोंडात धरली. तो श्वास ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता.

"मी येतो," धाकटा म्हणाला. त्यानं तपासनिसाकडे बघितलं. "साहेब, खोटं बोललो होतो. कळप एकच आहे. पहिल्यापासून एकच. काय करायचं ते करा." आणि त्याचा गुडघा भिंतीवर आला.

थोरली उठली. भिंतीपाशी गेली आणि त्याच्या छातीवर हात ठेवायला निघाली, पण हात पिवळे होते, लागले असते तर तोही बाधित झाला असता. ती एक हात अंतरावर थांबली.

"भावजी, खाली उतरा."

"वहिनी, तुम्हाला एकटीला जमणार नाही."

"जमेल, नाहीतर नाही जमणार. तुम्ही इकडं आलात तर दोन्ही जातील. मग आम्ही थंडीत कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" तिनं डोंगराकडं बोट केलं. "ती वर एकटी आहे. तुमची मेंढरं सांभाळा. जा."

तुमची मेंढरं. घरात येऊन इतकी वर्षं झाली, हा शब्द तिनं मेंढरांसाठी टोमण्याखेरीज कधी वापरला नव्हता. धाकट्यानं पाय मागे घेतला. मग वळला आणि चढाला लागला. दोनदा थांबून त्यानं मागे बघितलं.

तपासनीस पुन्हा दगडावर बसला. "मी मघाशी काही ऐकलं नाही," तो रुमालातून म्हणाला. "मला वाफेत नीट ऐकू येत नाही." मग जरा वेळानं, "मालक काम करू शकत नसेल तर कळपाचा ताबा कुणाकडं, ते मला लागेल."

"माझ्याकडं," थोरली म्हणाली.

तिनं दुबेळक्याची काठी उचलली. मेंढी ओढून आणायची, आत ढकलायची, धावत मध्ये जायचं, डोकं दाबायचं, पुन्हा मागे यायचं. दाबताना मेंढी पाण्याखालून तिच्याकडे बघे. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाफेनं की कशानं याचा तिनं तपास केला नाही. ऊन कललं तेव्हा शेवटची मेंढी विटकरी पाणी झाडत पलीकडे चढली. तपासनिसानं मान हलवली आणि पुढच्या धुण्याला येतो म्हणून तो गेला. गवत तोवर पुरेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती येऊन नवऱ्याशेजारी बसली. जरा अंतर ठेवून, कारण कपड्यांना वास होता. त्याचा श्वास आता खाली बसला होता, पण शिट्टी अजून वाजत होती.

"मला सांगायचं होतं तुला," दादा थांबत थांबत म्हणाला. "रोज सांगायचं होतं."

थोरली आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघत राहिली.

"सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तरी मी म्हणाले असते, की भावजींनी डॉक्टरांना शिकवून ठेवलंय."